शाकिरच्या दारावरचं नाव

मोसूल

यम्मा,

तुझ्या दोन्ही हातांचे मुके. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, खोलीच्या दाराला दोन कड्या आहेत. धाकट्याचा खोकला थांबला का?

इथे आम्ही मुली फोनवर गल्ल्यांचा नकाशा बनवतो. तो सगळ्यांना खुला असतो. घराला शेजारपाजारचे ज्या नावाने ओळखतात, तेच नाव लिहायचं, असा नियम आहे.

काल आपल्या गल्लीत गेले. आपल्या घसानला पकडून देऊन आपलंच घर बळकावणारा शाकिर दारात उभा होता. नरडीला हात घालावासा वाटला. पण मी तोंडावर ओढणी घेतली होती, त्याने ओळखलं नाही.

"काय टिपतेस गं?"

मी नियम सांगितला.

"मग लिही, हाजी शाकिरचं घर."

तेवढ्यात कोपऱ्यावरून गॅसवाला ओरडला, "उम्म घसानच्या घरचा सिलिंडर कुणी मागवलाय?"

"मीच. आण इकडे," शाकिर बोलून गेला. काय करणार? घसान गेला तरी गल्लीत तू अजून उम्म घसान, घसानची आईच आहेस, आणि ते नाव घेतल्याशिवाय त्याला साधा गॅसही मिळत नाही.

मी मान खाली घालून तेच लिहिलं.

गुरुवारी त्याच्या मुलीचं लग्न आहे. पाहुणे बाहेरगावचे, फोनमधला नकाशा बघत येणार. दारात थांबून प्रत्येकजण त्याला विचारेल, "उम्म घसानचं घर हेच ना?"

आणि त्याला दरवेळी हो म्हणावं लागेल.

काळजी करू नकोस, तिकडे आता एकटी जात नाही.

तुझीच,
नवार