पाव आटा

अण्णा, पेट्रोलच्या वासाची मला अजून किळस येते आणि तरी मी दिवसभर त्याच वासात बसते. मोटरसायकलच्या शोरूममध्ये, सर्व्हिसच्या काउंटरवर. तुम्ही गेलात तेव्हा माझा डिप्लोमाही संपला नव्हता. ही नोकरी तुम्ही पाहिली नाहीत. इथं फरशी स्वच्छ आहे, डोक्यावर पंखा आहे, हात काळे होत नाहीत. तुम्हाला हवं होतं तसंच सगळं. पण शिसारी तीच आहे.

सध्या एकच गाडी दोन तऱ्हेची येते. एकीत तुमचा कार्बोरेटर, ज्याचं पेट्रोल हातानं स्क्रू फिरवून जुळवायचं, दुसरीत इंजेक्शन, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते स्वतः ठरवणारं यंत्र. खेड्यातला माणूस आला की आमची विक्रीवरची पोरं त्याला सांगतात, "इंजेक्शन नको पावणं, वाटंत बंद पडली तर कोण उघडणार?" कारण कार्बोरेटरच्या गाड्या गोदामात पडून आहेत. तासाभरानं कॉलेजचा मुलगा येतो आणि महागडी गाडी खपवायला तीच जीभ म्हणते, "कार्बोरेटर? ते कंदिलाच्या काळातलं." मी शेजारी बसून दोन्ही ऐकते. दुपारी डबा उघडावासा वाटत नाही.

परवा पन्हाळ्याच्या पायथ्याचे दूधवाले काका आले. राजारामपुरीत रतीब घालायचे आणि दर पंधरवड्याला गाडी घेऊन तुमच्या गॅरेजच्या दारात उभे राहायचे, तेच. पहाटे थंडीत त्यांची गाडी बंद पडायची. भरल्या कॅनसकट ढकलत आणायची म्हणजे दूध उशिरा, आणि उशीर झाला की गिऱ्हाईक तुटायचं. तुम्ही इंजिनाला कान लावायचात, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचात आणि गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागायची. "तुज्या बापाच्या हातात जादू हाय की," ते मला म्हणायचे आणि माझी मान ताठ व्हायची.

मग तो दिवस. मी आठवीत आहे. तुम्ही आणि काका चहाला गेला आहात, गाडी स्टँडवर सुरू आहे. तुमचं बघून बघून माझाही कान तयार झाला आहे. ऐकते तर स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, चुकीचा आहे. गरम इंजिनाला चालून जाईल, पहाटेच्या गारठ्यात गाडी बंद पडेल. मी तो फिरवून बरोबर करते आणि तुम्ही आल्यावर हळूच, पण फुशारकीनं, तुम्हाला सांगते. तुम्ही स्क्रू होता तिथं परत नेता. काका गेल्यावर म्हणता, "गाडी नीट झाली की माणूस तोंड दावत न्हाय. शाळंत शिकलेला खरेपणा शाळंत ठेव." त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी नवी कंपासपेटी आणलीत. आई म्हणाली, बघ, बापाला किती कौतुक. मला मात्र ती उघडली की पेट्रोलचा वास यायचा, आणि तीच घेऊन मी बोर्डाच्या परीक्षेला बसले. आपल्या घरात शाळा पुरी केलेली पहिली मीच. त्या पाव आट्यावर.

आता तेच काका काउंटरवर हात टेकून विचारत होते, "कंची घिऊ? तू म्हनशील ती. त्याचं रगत हाईस तू." मी खरं ते सांगितलं. इंजेक्शनची गाडी थंडीत चटकन सुरू होईल, पण बिघडली तर तिला लावायचा लॅपटॉप फक्त आमच्याकडे आहे. आम्ही म्हणू तेव्हा यायचं, आम्ही म्हणू तेच खरं मानायचं. कार्बोरेटरला लॅपटॉप लागत नाही, पण त्याचा स्क्रू ज्याच्या हातात, त्याच्या हातात गाडीवाला. "कार्बोरेटरची घ्या," मी म्हटलं, "पण स्क्रू स्वतः फिरवायला शिका. मी शिकवते." मागून मॅनेजर ऐकत होते. काका पुढं गेल्यावर मला म्हणाले, "वा मॅडम, जुना माल खपवायला शिकला की!"

गाडी न्यायला काका आले तेव्हा मागच्या अंगणात मी त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. गाडी गरम करा. स्क्रू हळू फिरवा, आवाज चढेल, मग पडायला लागेल. चढतो तिथं थांबा. त्यांची जाड बोटं आधी घसरली, मग जमलं. गाडी गुरगुरली. काका माझ्याकडे वळले.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तुजा बाप दर पंधरवड्याला..."

इतकी वर्षं मला वाटत होतं की कोणीतरी हे वाक्य एकदा पुरं करावं. पण मीच मधे बोलले. "तुमची ती गाडी जुनी होती काका. स्क्रू धरून ठेवणारी आतली स्प्रिंग ढिली झाली होती. अण्णा तरी काय करणार?"

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात परत ठेवला. "व्हय," म्हणाले, "ढिली आसंल." आणि गाडीवर बसून गेले.

स्प्रिंग ढिली नव्हती, अण्णा. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता बहुतेक त्यांनाही. शोरूममधल्या पोरांची किळस करणारी मी त्यांच्याच सुरात बोलले, आणि तेही तुमच्यासाठी.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र मी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचे, एक शब्दही न गाळता. हे पत्र वाचून दाखवायची वेळ आली असती, तर तुम्ही कंपासपेटी आणलीत त्या ओळीपाशी थांबून, पुढचं सगळं गाळून, मी म्हटलं असतं, "संपलं."