लेखाने राहावं म्हणून काढलेल्या सहली

२० मार्च, शुक्रवार

पुण्याहून लेखाला मेल आली. तिच्या जुन्या कॉलेजात संख्याशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून बोलावतायत. दहा मेपर्यंत उत्तर हवंय. भात वाढता वाढता तिने सांगितलं आणि विचारलं, काय करू? मी म्हटलं, भात जरा जास्तच मऊ झालाय.

प्रसंगावधान ते हेच.

जेवल्यावर शांत डोक्याने विचार केला. ती गेली तर इथे चेक देशात, ब्रनोत मी एकटा. माझी नोकरी इथली, पुण्यात या वयात मला कोण विचारतंय. भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही.

मूळ कारण सापडलं. आठ वर्षं युरोपात राहून आपण काही बघितलंच नाही. बाई कंटाळली आहे. उपाय: वसंत सुरू झालाय, दर वीकेंडला एक सहल. पुण्याचा विषय मी काढायचा नाही, तिलाही काढू द्यायचा नाही. मोठमोठे सॉफ्टवेअर प्रोजेक्ट वेळेवर संपवणाऱ्या माणसाला एक बायको थांबवता येऊ नये?

२२ मार्च, रविवार

पहिली सहल, किल्ला. बंद होता. इथले किल्ले एप्रिलमध्ये उघडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, असं लेखा म्हणाली. मलाही माहीत होतं. पण बाहेरून बघितलं की वास्तू जास्त कळते.

दाराशी वाऱ्यात बसून थालीपीठं खाल्ली. लेखाच्या मनात खरं तर आज क्वेताबाईंच्या बागेत जायचं होतं. क्वेताबाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या. दातांच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर्ड, नवरा वारला. गावाबाहेर टेकडीवर जमिनीचा तुकडा आणि त्यात लाकडी खोपटं. इथे दर दुसऱ्या घराचं असं एक असतंच. आठवडाभर ऑफिसात वाकायचं आणि शनिवार-रविवार तिथे. मी म्हटलं, बाग काय पळून जातेय?

परतताना लेखा दोन स्टॉप आधीच उतरली. म्हणाली, तू हो पुढे, मी बघून येते काय चाललंय ते. चिखलाचे बूट घेऊन अंधार पडता पडता आली. दमली होती. किल्ल्याचा चढ तिला झेपला नसावा.

२९ मार्च, रविवार

व्हिएन्ना. गाडी चुकली.

काल रात्री उन्हाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास पुढे गेली, हे मला कोणी सांगितलं नाही. मी बाबांचं किल्लीचं घड्याळ वापरतो, मोबाइलवर माझा विश्वास नाही. लेखा घरातच म्हणाली होती की उशीर झालाय, तिच्या फोनवर वेगळी वेळ आहे. मी म्हटलं, तुझा फोन व्हिएन्नाची वेळ दाखवत असेल. ती म्हणाली, श्रीनिवास, व्हिएन्नाची आणि ब्रनोची वेळ एकच आहे.

पुढच्या गाडीने गेलो. प्लॅनमध्ये दोन म्युझियम, एक राजवाडा आणि कॉफी होती. तास बुडाल्यामुळे सगळं पळत केलं. राजवाड्याच्या बागेत लेखा बाकावर बसली ती उठेचना. मी म्हटलं, चल, अजून कॉफी राहिली आहे. म्हणाली, तू पिऊन ये, मी इथेच आहे. मी प्यायलो. चांगली होती.

गाडीत तिने पुन्हा सुरुवात केली: हे बघ, त्या पुण्याच्या नोकरीचं... मी डोळे मिटून घेतले. झोप लागल्याचं नाटक बऱ्यापैकी जमतं मला. 

६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

आज सहल नाही, स्थानिक संस्कृतीत सहभाग. इथे आजच्या दिवशी पुरुष घरोघरी जातात आणि बायकांना विणलेल्या वेताने हलकेच फटके मारतात. त्याने म्हणे बाई वर्षभर टवटवीत राहते. बदल्यात रंगवलेली अंडी मिळतात. ऑफिसातला राडेक म्हणाला होता, जायचं तर सकाळी जा. का ते बोलला नाही.

बाजारातून चांगला वेत आणला होता. नाश्त्याला लेखाला दाखवला. ती म्हणाली, हात तर लावून बघ. मग ठरवलं, आधी क्वेताबाईंकडे. पण अंघोळ, पेपर, यात दुपारचा एक वाजला.

बारानंतर उलटं असतं. बारानंतर आलेल्या पुरुषावर बायका पाणी ओततात. क्वेताबाईंचं दार उघडलं, मी म्हटलं, शुभ ईस्टर, आणि वरच्या जिन्यावरून गार पाण्याची अख्खी बादली. वर लेखा. क्वेताबाई म्हणाल्या, नेम बरोबर लागला हिचा. लेखा हसत हसत पायरीवर बसली. डोळे पुसत होती. तिला असं हसताना कधी बघितलं होतं ते आठवेना.

म्हणजे प्लॅन लागू पडतोय. शिंका येतायत.

१२ एप्रिल, रविवार

ताप. आठवडाभर अंथरुणात. आजची सहल रद्द करावी लागली. लेखाला फार वाईट वाटलं असणार, पण तिने दाखवलं नाही. सकाळीच बागेत गेली.

तिची काळजी वाटते. ती म्हातारी हिला राबवून घेतेय. नखांत माती, कंबरेवर हात. शिकलेली बाई, संख्याशास्त्रात पीएचडी, आणि दिवसभर बटाटे लावतेय. मी बोललो तसं. म्हणाली, राबवत नाही कोणी, मीच मागून घेते काम. माणूस मोठ्या मनाने असं बोलतो.

येताना जंगली लसणीची पानं आणली होती. त्याची भाजी आणि भाकरी. तीन खाल्ल्या. लेखा जेवताना गुणगुणत होती. तिला यातून सोडवलं पाहिजे.

१९ एप्रिल, रविवार

डोंगरात चालायला गेलो. इथे झाडांवर रंगीत पट्टे असतात, पट्टा धरून चालायचं, आंधळाही चुकणार नाही. आम्ही निळा धरला होता. मध्येच मी हिरवा धरला, कारण हिरवा जास्त सुंदर वाटला.

जंगलात लेखा थांबली. म्हणाली, श्रीनिवास, मी जाऊ की नको एवढं एकदा सांग. हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण. मी म्हटलं, श्श, सुतारपक्षी. खरंच होता. ती पक्ष्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. मग चालायला लागली.

 हिरवा पट्टा एका गावात संपला. रविवारी तिथे बस नसते. एका म्हाताऱ्या जोडप्याने गाडीत घेतलं. लेखा त्यांच्याशी घडाघडा चेक बोलत होती, मला निम्मं कळतं. आजी मागे वळून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी लेखाला विचारलं, काय गं? म्हणाली, त्या विचारतायत, तुमच्या यजमानांना बोलता येत नाही का?

भाषेचा क्लास लावायला हवा.

१ मे, शुक्रवार

हुकमाचा एक्का. आजच्या दिवशी इथे नवरा बायकोचं फुललेल्या चेरीखाली चुंबन घेतो. नाही घेतलं तर बाई वर्षभरात सुकते, असं मानतात. लेखा म्हणाली, चल, बागेच्या वाटेवरच आहे चेरीची टेकडी, अर्धा तास देते.

अर्धा तास. नऊ दिवस उरलेत आणि अर्धा तास.

यंदा ऊन लवकर पडलं, चेरीची फुलं कधीच झडली. सगळी टेकडी हिरवी. इतर जोडपी त्या हिरव्या झाडांखालीच उरकत होती. मला ते पटेना. शोधता शोधता एका कुंपणाशी पांढरंशुभ्र झाड सापडलं. लेखा म्हणाली, हे सफरचंदाचं आहे. मी म्हटलं, असू दे, कोण तपासायला येतंय? ती म्हणाली, तुला कधी कोणी तपासलंच नाही, तीच तर पंचाईत आहे.

चुंबन झालं. गालावर. तिनेच गाल पुढे केला. मग म्हणाली, आता बोलू या का?  मी म्हटलं, आधी फोटो. ती फोटोला थांबली नाही.

दुपारभर घरी बसून आहे. नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. सोपं वाक्य आहे. पण मी नको म्हणावं आणि तिने तरी जावं, मग माझ्याकडे काय उरलं? त्यापेक्षा सहली बऱ्या.

१० मे, रविवार

जिंकलो.

चहाच्या वेळी लेखा म्हणाली, पुण्याला कळवलं, मी येत नाही.   मग मला रडू आलं. लेखाने रुमाल दिला, पाठीवर हात फिरवला, म्हणाली, अरे, पुरे.

सावरल्यावर विचारलं, पुढच्या वर्षीच्या प्लॅनिंगसाठी, की कुठल्या सहलीचा सगळ्यात जास्त परिणाम झाला. तिने बोटांवर सहली मोजल्या. म्हणाली, तू तापात झोपून होतास त्या रविवारचा.

क्वेताबाईंचे गुडघे आता चालत नाहीत. बाग या वर्षीपासून लेखा बघणार. शुक्रवारी संध्याकाळी जाणार, रविवारी परत. खोपटात एक पलंग आहे, शेगडी आहे, तेवढं तिला पुरतं म्हणे. पलंग एकाचाच का, ते मी विचारलं नाही.

म्हटलं, पण शेवटी माझ्यासाठीच राहिलीस ना? ती कप विसळत होती. म्हणाली, तुझ्यापायीच तर जाणार होते. राहिले ती बटाट्यांपायी. आवाज चढवून नव्हे. पाणी तापलंय, असं सांगावं तसं.

१६ मे, शनिवार

इथल्या कॅलेंडरातले थंडीचे तीन संत सरले. त्यांचे दिवस गेले की इथे पाला गोठायची भीती नाही, म्हणून खिडकीतली टोमॅटोची रोपं लेखा काल बागेत घेऊन गेली. घर मोठं वाटतंय.

जिन्यात क्वेताबाई भेटल्या, काठी टेकत. सहज विचारलं, बटाटे निघतात कधी? म्हणाल्या, जूनच्या शेवटी. म्हणजे जेमतेम दीड महिना. विचारलं, मग त्या जागेत पुढे काय लावतात? मला म्हणायचं होतं, पुढे काही लावतात ना? म्हणाल्या, मला काय विचारतोस बाबा, बाग आता तिची. बायकोला विचार.

विचारणार आहे. वाक्यसुद्धा तयार केलं, आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं, चांगलं वाटतं. ती उद्या संध्याकाळी येईल, पण आल्या आल्या नको, दमलेली असते. सोमवारी तिला कामं असतात. मंगळवारी हवा चांगली आहे म्हणतात, चांगल्या दिवशी असले विषय कशाला. आणि जून संपायला अजून पुष्कळ वेळ आहे.