परत सांग

कोथरूड, पुणे
शनिवार, ४ ऑगस्ट २००१

चि. उत्तरेश्वर,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक. तू कसा आहेस हे विचारायचं तर आधी तू फोनवर यायला हवास. गेल्या पंधरा दिवसांत मी वसतिगृहात सहा वेळा फोन केला. सहाही वेळा हिंमतरावांनी उचलला आणि सहाही वेळा तू झोपलेला होतास. "त्यो झोपलाय, बाई." सकाळी अकराला झोपलाय, दुपारी चारला झोपलाय, संध्याकाळी मागे प्रार्थनेची घंटा घणघणतेय तरी झोपलाय. खोटं बोलायचं तर माणसाने निदान रोज नवं बोलावं.

हिंमतराव, हे पत्र तुम्हीच वाचत असणार, कारण तिथल्या सगळ्या मुलांचं टपाल तुम्हीच वाचून दाखवता. तेव्हा वरचं गाळू नका. आणि जरा हळू वाचा. तुम्ही पलटणीत होता हे मान्य, पण तुमचा आवाज व्हरांडा ओलांडून फाटकापर्यंत जातो. उत्तरेश्वरचं पत्र सगळ्या येरवड्याने ऐकायचं कारण नाही.

कॅसेटी मिळाल्या. चौदाच्या चौदा. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून आमच्या वॉचमनच्या खुर्चीवर ठेवलेल्या, सोबत निरोपही नाही. दर शनिवारी आठवड्याचं वर्तमानपत्र मी तुझ्यासाठी त्या कॅसेटींत वाचत आले, माझ्या शेऱ्यांसकट. "बाई, बातम्यांपेक्षा तुमचे शेरे लई भारी असत्यात," असं तूच म्हणाला होतास. आता त्या परत आल्यावर मी त्यांचं काय करू? घरात मी एकटी, आणि माझे शेरे मला पाठ आहेत.

म्हणून या आठवड्याचं कागदावर घे.

आमचा रस्ता पुन्हा खणलाय. आधी पाण्यासाठी खणला, मग टेलिफोनसाठी, आता कसल्याशा काचेच्या तारेसाठी. त्या तारेतून म्हणे सगळं जग घरात येणार आहे. तूर्तास आम्हाला घरातून बाहेर पडता येत नाही. खड्ड्यांवर तीन फळ्या टाकल्यात आणि मधली हलते. तू येशील तेव्हा डाव्या अंगाने ये, डेअरीकडून. तिकडची बाजू अजून शाबूत आहे.

आग्र्याच्या बोलण्यांचा निकाल तू रेडिओवर ऐकला असशीलच. पाहुणे आले, जेवले, ताजमहाल पाहिला आणि मसुद्यावर सही न होताच गेले. शब्दांवर अडलं म्हणतात. तीन आठवडे झाले तरी वर्तमानपत्रवाले अजून तेच चघळताहेत. एवढ्या मोठ्या कागदाचं प्रूफ कुणी धड वाचलं होतं की नाही, हे मात्र कुणी लिहीत नाही.

वरच्या मजल्यावरचा आमोद अमेरिकेहून परत आला. त्याची कंपनीच बंद पडली. तो गेला तेव्हा अख्ख्या सोसायटीने पेढे खाल्ले होते. आता तेच लोक त्याला जिन्यात गाठून विचारतात, "काय, सुट्टीवर का?" सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, तरी रोज विचारतात. आपल्याकडे याला आपुलकी म्हणतात.

आपुलकीचं माझ्या वाट्यालाही येतंच. परवा भाजीवाल्यापाशी पाटणकरवहिनींनी मला अडवलं. "श्यामलाताई, सत्काराचा फोटो पाहिला हो पेपरात. केवढं मोठं मन तुमचं!" फोटो मे महिन्यातला, कौतुक ऑगस्टात. मी म्हटलं, "मन मोजायला तुम्ही कधी आला होतात?" त्या खूप हसल्या. पुण्यात खरं बोललं की लोकांना विनोद वाटतो. मी भेंडी तशीच टाकून घरी आले.

हिंमतराव, पान उलटा.

एक नवा छंद लागलाय. छंद कसला, शिक्षा आहे. मी ब्रेल शिकतेय. मे महिन्यापासून, आठवड्यातून दोनदा, कर्वेनगरला सत्यशीलाकडे. ही सत्यशीला जन्मांध, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि शिस्तीला माझी आजी शोभेल अशी. पाटीत कागद अडकवायचा, टोच्याने एकेक ठिपका टोचायचा, तोही उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटा केला की अक्षरं सरळ येतात. चौसष्टाव्या वर्षी डोकंही उलटं चालवायचं. माझ्या पहिल्या पानावरून सत्यशीलाने बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, हे मराठी आहे का?" नारायण पेठेतल्या छापखान्यात तेहेतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. संगणक आले, खिळे जुळवणारे घरी गेले, तरी माझी लाल शाई टिकली होती. आणि आता ही बाई माझ्या चुका काढते, त्याही न बघता. घरी येताना रिक्षात माझा संताप संताप होतो. पुढच्या वेळी पुन्हा जाते.

आता मुद्दा. तुझ्याबद्दल तिथे व्हरांड्यात काय बोललं जातं ते माझ्या कानावर आलंय. उत्तरेश्वरने कॉपी केली, म्हातारीला हाताशी धरून पेपर लिहिला, वगैरे. तेव्हा एप्रिलमध्ये काय झालं ते सांगते. तुला ठाऊक आहे, हे ऐकणाऱ्यांसाठी.

राज्यशास्त्राचा शेवटचा पेपर. तू सांगणार, मी लेखनिक म्हणून लिहिणार. नियम एकच, सांगितलं तेवढंच लिहायचं. शेवटून दुसरा प्रश्न पंचायत राज्याचा. तू म्हणालास, "चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती." ती त्र्याहत्तरावी. चौऱ्याहत्तरावी नगरपालिकांची. मी राज्यशास्त्र शिकलेले नाही, पण चौऱ्याण्णव साली एका गाईडच्या प्रुफात हीच चूक मी पकडली होती. मी म्हटलं, "परत सांग." तू म्हणालास, चौऱ्याहत्तर. मी म्हटलं, "परत सांग." तू म्हणालास, चौऱ्याहत्तर. आणि माझ्या हाताने त्र्याहत्तर लिहिलं. माझ्यासमोर उत्तरपत्रिका नव्हतीच रे, प्रूफ होतं. मागे पर्यवेक्षक उभे होते. त्यांनी कानाने एक आकडा ऐकला आणि डोळ्यांनी दुसरा पाहिला.

एका मार्काची गोष्ट! तू त्या मार्काशिवाय पहिल्या वर्गात आला असतास. तो पर्यवेक्षकही असा, की तीन तास खिडकीतून रिक्षा मोजत होता आणि नेमका त्या मिनिटाला वळला.

मग चौकशी झाली. तीन माणसं, एक पंखा. चहा पांचट होता. असो.

ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म वीस तारखेपर्यंत घेतात. तू म्हणशील, मला वर्षभर बंदी आहे. त्याबद्दल आणखी लिहायचं आहे, पण ते या कागदावर नाही.

हिंमतराव, पाकिटात चार जाड कागद आहेत. ते उत्तरेश्वरच्या हातात द्या आणि बाहेर जाऊन चहा घ्या. कागदांवर सोनेरी अक्षरांत काही छापलेलं दिसेल, तेही तुकड्यातुकड्यांत. ते वाचून दाखवायचं नाही. त्याला काही अर्थ नाही.

प्रकृती सांभाळ. डेअरीकडून यायचं हे विसरू नकोस.

तुझी,
श्यामला गद्रे
(बाई)

•

उत्तरेश्वर,

हे तुझ्या बोटांसाठी. एका ओळीला दहा मिनिटं लागतात. म्हणून शेरे नाहीत.

तू मला काही विचारलं नव्हतंस. परीक्षेआधी नाही. परीक्षेतही नाही.

चौकशीत आधी तुला बोलावलं. मी बाहेर बाकावर होते. दार नीट लागत नव्हतं. तू म्हणालास, "मीच बाईंना सांगून ठेवलं होतं, चुकलं तर सांभाळून घ्या. त्यांचा दोष न्हाई." मी ऐकलं.

मग मी आत गेले. मुलगा म्हणतो ते खरं का, असं विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही.

मला सगळं आठवतं. ते तू जाणतोस.

पुढच्या रविवारी माझा सत्कार होता. नऊ वर्षं अंध मुलांचे पेपर लिहिल्याबद्दल. पत्रिका वाटून झाल्या होत्या. एवढंच कारण. दुसरं शोधलं. सापडलं नाही.

शाल, नारळ, मानपत्र, सगळं घेतलं. तू टाळ्या वाजवायला आला होतास. पहिल्या रांगेत होतास.

त्यानंतर दहा शनिवार कॅसेट पाठवली. जगाच्या बातम्या सांगितल्या. ही सांगितली नाही.

जुलैत विद्यापीठाचं पत्र आलं. बंदीचं. त्यात माझं उत्तर छापलेलं होतं. हिंमतरावांनी ते तुला वाचून दाखवलं असणार. मोठ्याने. मग कॅसेटी परत आल्या. बरोबर केलंस.

तुझं वर्ष गेलं. डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायची ती नोकरी गेली. पदवी जुलैत हवी होती त्यांना. आलेल्या सगळ्या उमेदवारांत तुझा वेग जास्त होता. हे माझ्यामुळे झालं. मला लाज वाटते.

गुरुवारी विद्यापीठात गेले. खरं लिहून दिलं. शिक्क्याची पोच आहे. लेखनिकांच्या यादीतून माझं नाव काढतील. काढू देत. तुझी बंदी उठेल की नाही ते सांगत नाहीत. तरी फॉर्म भर. लेखनिक दुसरी घे. सत्यशीलाने एक मुलगी पाहिली आहे. तिला राज्यशास्त्रातलं काहीही येत नाही.

वर एका ओळीत एक ठिपका जास्त पडलाय. नखाने दाबून पाहिला. बोटाला लागतोच. राहू दे.

यासाठी जाड कागद लागतो. घरात एकच होता. मानपत्र. कापून चार तुकडे केले.

इतके दिवस मी वाचलं आणि तू ऐकलंस. हे फक्त तुला वाचता येतं. कुणाला वाचून दाखवायचं ते तू ठरव. व्हरांड्यात कुणी विचारलं तर मोठ्याने वाच. नीट ऐकू आलं नाही म्हणाले, तर परत सांग.

श्यामला