कूलर काऊन लावला?

मंगळवार, मे महिना, संध्याकाळ

आज लोणारले, गिटार शिकवणाऱ्या किसनभाऊकडं, गिटारचा जुना अँप पाहाले गेली. लहानसा डब्बा, आतच स्पीकर. एवढा चांगला हाय तं विकून काऊन राह्यला? अन् कूलर फुल्ल. मले वाटलं, अँपची घरघर लपवाले लावला. "कूलर बंद करा" एवढं बोलणं होईना. शाळेतबी असंच व्हाये. अँप खराब निघाला तं आई गिटारबी विकाले लावन.

मी हळूच वाजवलं. भाऊ म्हणे, "जोरात वाजव वो पोरी, मच्छर हाकलून राह्यली का?"

कूलरपायी काही समजेच ना. तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला, अँप बॅटरीवर चालूच. घरघर नाही, काही नाही. एक सूर तेवढा बेसूर वाजला, पण चुकलं ते माह्यं बोट. दोन वर्षं गिटार बिना अँपची, बारीक आवाजात वाजवली, हे चूक आजच आयकू आली.

मी कूलरकडं पाहून राह्यली, तं भाऊ हासला. "नवीन पोरं लाजतात वो, आवाज झाकला का मोकळे वाजवतात, म्हणून लावतो कूलर."

खरं बोलला का? काय माहीत.

लाईट आली. भाऊचा हात कूलरच्या बटनावर गेला. मी म्हटलं, "भाऊ, राहू द्या बंद."

मंग तेच पुन्हा वाजवलं, जोरात.