कप्तानाचा फोन यायच्या आत

घिवली,
मंगळवार, दुपार

प्रिय दर्पण,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला ठाऊक नाही, तरी लिहायला बसले. सकाळी तुमच्या जहाजावरच्या आचाऱ्याचा, त्या फिलिपिनो रोमेलचा फोन आला. तू शिडीवरून पडलास, बंदरातल्या इस्पितळात डोक्याचं ऑपरेशन झालं, एवढं त्याच्या मोडक्या इंग्रजीतून मला कळलं. शेवटी म्हणाला, मे बी ही ओके, आय थिंक. हातातली बोंबलांची पाटी मी तशीच खाली ठेवली.

आठवतं, बोईसरच्या इंग्रजीच्या क्लासात आपण मागच्या बाकावर बसायचो? प्रत्येक वाक्याला 'आय थिंक' चिकटवायचो. तू तर 'माय नेम इज दर्पण, आय थिंक' असं सांगितलंस आणि सर खडू खाली टाकून हसले. शंका नावाबद्दल नव्हतीच, भीती इंग्रजीची होती. चुकलो तर निदान पळवाट असावी. मी त्याच दिवशी तुझ्यावर भाळले. लग्नाला चार वर्षं झाली तरी हे तुला सांगितलं नव्हतं.

रोमेलचंही तसंच असेल, असं सकाळपासून मनाला बजावतेय. 'यू शुअर?' एवढं मी विचारू शकले असते, तेवढं इंग्रजी मला येतं. पण विचारलं नाही. तो गप्प राहिला असता तर?

आई दारात उभ्या होत्या. दर्यावर गेलेल्या माणसाबद्दल त्या 'बहुतेक' हा शब्द घरात चालू देत नाहीत, तुला माहीतच आहे. काय बोलला, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं, पडलाय, पण बरा हाय. मंग पाटी खाली का ठेवलीस, एवढंच म्हणाल्या आणि पाटी उचलून अंगणात गेल्या. तेव्हापासून बोंबील वाळत घालतायत, माझ्याकडे बघत नाहीत.

दर्पण, मला फार भीती वाटतेय. संध्याकाळी कप्तान स्वतः फोन करणार आहे. तो लहानपणापासून इंग्रजीतच शिकलेला, असं तूच सांगायचास. त्याला आपल्यासारखी पळवाट लागत नाही. तो 'मे बी' म्हणाला, तर ते खरंच 'मे बी' असेल. आणि 'सॉरी' म्हणाला, तर मला आणखी काही विचारायचं उरणार नाही. म्हणून त्याच्या फोनच्या आत हे लिहून घेतलं. अजून तरी तू आहेस, असं मला लिहिता येतंय.

तुझीच,
हिमानी