बेडकाचा दगड

बाई, तुम्ही मला दिलेल्या काळ्या दगडावर पांढरी पूड धरली आहे. आधी वाटलं, डिलाईल रोडची दमट हवा, बुरशी असेल. मग कपाट उघडलं की नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा वास यायला लागला, आणि दगडाखालचा कागद तपकिरी होऊन हातात तुटला.

तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात आणि रविवारी मी तुमच्या परळच्या घरी यायचे. वरळीला कुठेतरी पाया खणताना निघालेले दोन दगड एका रविवारी तुमच्या ओट्यावर होते, दोन्हींत बोटाएवढ्या बेडकाची हाडं. तुम्ही एक दगड नळाखाली धरता, जुन्या टूथब्रशने हळूच घासता. चिखल निघतो, आणि मग दगडच पापुद्र्यापापुद्र्याने सुटत जातो. मोरीत काळं पाणी वाहतं. तुम्ही नळ बंद केलात. मी दुसरा उचलायला गेले तर ओरडलात, "हात लावू नकोस." पुढच्या रविवारी तोच माझ्या हातात दिलात. म्हणालात, "माझ्याकडे राहिला तर मला साफ केल्याशिवाय राहवणार नाही. तू ने. पाणी लावू नकोस."

पाणी कधीच लावलं नाही, तरी हे झालं. नवरा म्हणाला, "टाकून दे ना. कपाटाची फळी खातोय तो." मी दगड एका कॉलेजात नेला. तिथे असे जीवाश्म सांभाळणाऱ्या मॅडमनी भिंग लावून पाहिलं. "आतून सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "यात गंधक असलेलं खनिज आहे. हवेतली ओल लागली की ते फुटतं."

"ब्रशने पूड झटकू का?"

"झटकता येईल. पण खाली हाड शिल्लक आहे की हाडाचीच पूड झाली आहे, ते झटकल्यावरच कळेल."

घरी येऊन मी मऊ ब्रश घेऊन बसले. मागच्या पायावरून एकदाच फिरवला. पूड उडाली. खाली पाय नव्हता. ब्रश ठेवून दिला आणि दगड घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केला, आत ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, मी नंतर जमवलेल्या बाकीच्या दगडांपासून लांब. काल कपाट उघडलं, तर पुन्हा तोच वास.

नवरा जेवताना विचारतो, "बरा आहे का तुझा बेडूक?" मी "हो" म्हणते. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहिते, बाई: झाकण लावल्यापासून मी डब्यात पाहिलेलं नाही.