थांबा म्हणणारी हाक

आबा,

परवा इस्पितळातून एका बाईला घरी पाठवलं आणि जिना उतरताना वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही मोठं घडलं की पहिली बातमी तुम्हाला द्यायची माझी खोड गेलेली नाही. तुमची लेक आता सांगलीत डॉक्टर आहे, मेडिकलच्या पोरांना शिकवते, आणि जिच्यावर तिची उमेदीची वर्षं गेली ती सायटोकाइनची विद्या तुम्हाला समजावून सांगायची राहूनच गेली. आज सांगते. मध्येच प्रश्न विचारायची तुमची सवय आज आवरावी लागेल.

आपल्या उसाला आग लागली तो दिवस मला अजून दिसतो. वाऱ्यानं विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि वरच्या सरीकडून धूर उठला. तुम्ही पलटणीतली शिट्टी वाजवत बांधावर उभे. (हवालदार म्हणून निवृत्त झालात, पण गावानं तुम्हाला सुभेदार करून टाकलं होतं, आणि तुम्हीही कधी नको म्हटलं नाहीत!) शेजारच्या रानातली माणसं हाताला लागेल ते घेऊन धावली, कुणी ओली पोती, कुणी हिरवा पाला. मग तोडकऱ्यांची टोळी आली आणि आगीपुढचा ऊस तोडून त्यांनी मोकळा पट्टा पाडला. आग विझली. पण माणसांचं रक्त तापलेलं, हात थांबेनात. शेजाऱ्याचा हिरवागार ऊस सपासप आडवा होत होता, आणि कॉलेजातून सुट्टीला आलेली मीही कोयता घेऊन त्यांच्यात होते.

तुम्ही ओरडलात, "बास! कोयतं खाली ठेवा!"

"आवं सुभेदार, आत धुमसत आसंल की अजून!" टोळीतला एक जण म्हणाला.

"आग इझली गड्या. आता नुकसान तुमी करताय."

मग माझ्या हातातला कोयता काढून घेतलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "तू तर शिकलेली हायस न्हवं? बोलवायला धा जण वरडत्यात. थांबा म्हनायला बी कुनीतरी लागतंय." मला इतका राग आला की संध्याकाळी जेवताना मी तुमच्याकडे पाहिलंही नाही. तुम्ही मात्र निवांत दुसरी भाकरी मागत होतात.

आता मी वर्गात हेच शिकवते. अंगात जंतू शिरला की आधी जवळच्या पेशी धावतात. समोर नेमकं कोण आहे हे बघत बसायला त्यांना सवड नसते. त्या सायटोकाइन नावाची बारीक प्रथिनं सोडतात, म्हणजे हाकाच समजा. काही हाका ताप आणतात, काही रक्तातून आणखी पेशी बोलावतात, काही दुसऱ्या फळीला उठवतात. या दुसऱ्या फळीला तयार व्हायला दिवस लागतात, पण ती नेमका तोच जंतू ओळखून मारते आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. आणि काही सायटोकाइन थांबा म्हणणारी असतात. ती कमी पडली, तर जंतू राहतो बाजूला आणि माणूस स्वतःच्याच बळानं मरतो.

ती बाई तासगावकडची, बेदाण्याच्या शेडवर काम करणारी. साध्या तापानं सुरुवात झाली. अँटिबायोटिक चालू होती तरी ताप हटेना, प्लेटलेट घसरत चाललेल्या, यकृत सुजलेलं. हाडातला मगज तपासला, तर सफाई करणाऱ्या पेशी तिच्याच रक्तपेशी गिळताना दिसल्या. मी म्हटलं, स्टेरॉइड सुरू करू, ही हाकाटी थांबवायला हवी. माझे वरिष्ठ म्हणाले, आत एखादा जंतू लपलेला असला तर तू तिला त्याच्या तोंडी देशील. त्यांचं चूक नव्हतं, पण शेवटी निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. तिचा नवरा हात जोडून उभा होता.

"म्याडम, तिच्या अंगात ताकद न्हाई, आन् हाय ती बी तुमी कमी करताय व्हय?"

मी त्याला आपल्या बोलीत सांगितलं, "दादा, तिची ताकद लय झालीया. तीच तिला खातीया. आधी ती थांबवू, मग जंतूचं बघू. त्याचं औषध बी चालूच ठेवतो."

त्यानं बायकोच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाला, "करा मग."

आबा, ती वाचली. ताप उतरला, प्लेटलेट सावकाश वर चढल्या, आणि परवा ती स्वतःच्या पायांनी रिक्षात जाऊन बसली. वरिष्ठांनी सगळ्या विभागासमोर माझी पाठ थोपटली. मला अभिमान वाटला, आणि तो लपवावासा वाटत नाही. माझ्याइतकाच तुमचाही वाटला. बांधावर उभं राहून सगळ्या गावाला बास म्हणणारा माणूस माझा बाप होता, हे मी त्या दिवशी कुणालाही छाती पुढे काढून सांगितलं असतं.

पोरांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटली?" मी म्हटलं, "कसली भीती? रिपोर्ट समोर होते." पोरं खूश झाली. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पहिलं इंजेक्शन दिल्यापासून तिचा ताप उतरेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आबा, मी लय भ्याले हुते.